कुठेच न दिसणारा कोन

जिनिव्हाजवळ, फ्रान्समधल्या फर्ने-व्होल्तेर या गावाच्या हद्दीत, जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर एलएचसीबी नावाचा एक डिटेक्टर आहे. सर्न या संस्थेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉनांचे दोन झोत इथे एकमेकांवर आदळतात. त्या धडकांतून बी मेसॉन नावाचे कण जन्माला येतात. ऋणभारित बी मेसॉनमध्ये बॉटम क्वार्क असतो, धनभारित बी मेसॉनमध्ये त्याचा प्रतिक्वार्क. दोघेही सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले जेमतेम दीड भाग जगतात, तेवढ्यात सेंटिमीटरभर धावतात आणि फुटतात. फुटण्याचे मार्ग शेकडो. त्यांपैकी एक अतिशय विरळा आहे: बी मेसॉनपासून एक केऑन आणि एक डी मेसॉन होतो, आणि मग तो डी मेसॉन आणखी एका केऑनमध्ये आणि पायॉनमध्ये विभागतो. त्यातही या दोन केऑनांचे विद्युतभार परस्परविरुद्ध असायला हवेत. एक कोटी बी मेसॉनांमागे असं दोन-तीनदाच घडतं.

एलएचसीबीच्या शास्त्रज्ञांनी या घटना नेटाने मोजल्या. ऋणभारित बी मेसॉनांच्या अशा १०० घटना घडतात तेव्हा धनभारितांच्या घडतात २५० हून जास्त.

हा आकडा वाचून क्षणभर थांबायला हवं. हे दोन कण वस्तुमानाने सारखे आहेत, आयुष्याने सारखे आहेत. एकातला प्रत्येक क्वार्क दुसऱ्यातल्या क्वार्कचा नेमका उलटा जोडीदार आहे. एकासाठी लिहिलेला नियम दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडावा अशी आपली सहज अपेक्षा असते. आणि इथे दोघांच्या वागण्यात दशांशाच्या पाचव्या स्थळावरचा बारीकसा फरक नाही, दुपटीहून मोठी तफावत आहे. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यात निसर्ग इतका उघड दुजाभाव करताना फार थोड्या ठिकाणी दिसतो.

या दुजाभावाचं महत्त्व आपल्या अस्तित्वाशी बांधलेलं आहे. पॉल डिरॅकने १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं, त्यातून प्रतिकणाची कल्पना पुढे आली, आणि १९३२ मध्ये कार्ल अँडरसनला वैश्विक किरणांत पॉझिट्रॉन सापडलाही. कण आणि प्रतिकण जोडीने जन्मतात आणि भेटले की जोडीनेच प्रकाशात विरून जातात. मग विश्वाच्या आरंभी दोन्ही सारख्याच प्रमाणात निर्माण झाले असतील, तर आज फक्त प्रकाश उरायला हवा होता. तो प्रकाश उरला आहेच: विश्वात दर प्रोटॉनमागे दीड अब्जाहून अधिक फोटॉन आहेत. पण तो एक प्रोटॉनही आहे, आणि आकाशगंगा, पृथ्वी, हे अक्षर वाचणारे डोळे त्या शिलकीतूनच घडले आहेत. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये अशी शिल्लक उरण्यासाठीच्या अटी मांडल्या. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांचे नियम तंतोतंत सारखे नसावेत, ही त्यांतली एक.

साखारोव्ह यांना ही अट सुचण्याच्या तीनच वर्षं आधी तिचा पहिला पुरावा मिळाला होता. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जेम्स क्रोनिन, व्हॅल फिच आणि त्यांचे सहकारी दीर्घायुषी तटस्थ केऑनांचं विघटन पाहत होते. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यातली सममिती काटेकोर असती तर या केऑनांनी केवळ दोन पायॉनांत कधीच फुटायला नको होतं. हजारात सुमारे दोन केऑन फुटले. जग हादरवायला तेवढे दोन पुरले.

ही गोष्ट समजावून सांगण्याचा खरा धाडसी प्रयत्न जपानमधून आला. क्योतो विद्यापीठात माकोतो कोबायाशी आणि तोशिहिदे मास्कावा यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात एक साधा हिशेब मांडला. क्षीण बलामुळे एका प्रकारचा क्वार्क दुसऱ्या प्रकारचा होतो, आणि प्रत्येक रूपांतर किती सहज घडतं हे एका कोष्टकातल्या आकड्यांवर ठरतं. क्वार्क चारच असतील तर ते सगळे आकडे साधे करून टाकता येतात, दुजाभावाला जागाच राहत नाही. सहा असतील तर मात्र एक फेज, म्हणजे एक कोन, असा उरतो की तो कोणत्याही गणिती युक्तीने पुसता येत नाही. कण आणि प्रतिकण यांच्यातला फरक त्या एका कोनात मावतो. त्या वेळी माहीत असलेले क्वार्क होते तीन! चौथा १९७४ मध्ये सापडला, पाचवा म्हणजे बॉटम १९७७ मध्ये आणि सहावा थेट १९९५ मध्ये. पुढे २००८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मला या कहाणीतलं धैर्य फार मोठं वाटतं. हजारात दोन इतक्या लहान फटीतून पाहून त्यांनी निम्मी न दिसलेली इमारत ओळखली होती.

त्या कोष्टकाच्या नियमांतून कागदावर एक त्रिकोण काढता येतो. त्याच्या कोनांना बहुतेक ठिकाणी अल्फा, बीटा आणि गॅमा म्हणतात. त्रिकोण सपाट रेषेत मिटून गेला असता तर क्वार्कांत दुजाभाव नसता. यातला बीटा २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बाबार आणि जपानमधल्या बेल या दोन प्रयोगांनी झपाट्याने पकडला. गॅमा मात्र वर्षानुवर्षं हुलकावणी देत राहिला. सुरुवातीला सांगितलेल्या १०० आणि २५० च्या तफावतीमागे हाच गॅमा आहे, पण त्या तफावतीतून तो थेट वाचता येत नाही.

का येत नाही, हे पाहायला त्या विघटनाच्या आत जावं लागेल. बी मेसॉनपासून त्या शेवटच्या कणांपर्यंत जायला दोन वाटा आहेत. एका वाटेने बॉटम क्वार्कचा चार्म क्वार्क होतो, दुसऱ्या वाटेने अप क्वार्क होतो. पहिल्या वाटेवर मधला कण डी मेसॉन असतो, दुसरीवर प्रति-डी मेसॉन. दोघेही पुढे त्याच केऑन-पायॉनच्या जोडीत फुटू शकतात, त्यामुळे शेवट पाहून कण कोणत्या वाटेने आला ते सांगताच येत नाही. आणि ज्या वाटा वेगळ्या ओळखता येत नाहीत त्यांच्या बाबतीत पुंजयामिकी दोन्ही वाटा एकदमच धरते: लाटांसारख्या त्या एकमेकींत मिसळतात, कुठे उंचावतात, कुठे एकमेकींना पुसतात. आपण जे पाहतो ते एकाच कणाचं दोन मार्गांनी झालेलं व्यतिकरण असतं.

या मिसळण्यात दोन प्रकारचे फेज येतात. एक तीव्र बलामुळे येतो. द्रव्याच्या जागी प्रतिद्रव्य ठेवलं तरी तो बदलत नाही. दुसरा क्षीण बलामुळे येतो, तोच आपला गॅमा. प्रतिद्रव्यात त्याचं चिन्ह उलटतं. म्हणजे एका बाजूला दोन कोनांची बेरीज होते आणि दुसऱ्या बाजूला वजाबाकी. बेरजेत लाटा जुळतात, वजाबाकीत बिनसतात, आणि मोजलेल्या घटनांची संख्या वेगवेगळी येते. शिवाय या विशिष्ट मार्गात निसर्गाने एक सुंदर योग जुळवून ठेवला आहे. पहिल्या वाटेचा आरंभ सोपा आहे पण शेवट अवघड, दुसरीचा आरंभ अवघड पण शेवट सोपा. त्यामुळे दोन्ही लाटा जवळपास तोलामोलाच्या होतात आणि तफावत डोळ्यांत भरते. ही युक्ती डेव्हिड अ‍ॅटवूड, इझार्ड ड्युनिएट्झ आणि अमरजित सोनी यांनी १९९७ मध्ये सुचवली. त्याआधी मायकेल ग्रोनाऊ, डेव्हिड लंडन आणि डॅनियल वायलर यांनी वेगळ्या विघटनांवर आधारलेली पद्धत मांडली होती. आणि २००३ मध्ये डी मेसॉनपासून होणाऱ्या तीन कणांच्या विघटनाचा संपूर्ण नकाशा वापरण्याची कल्पना आली. ती मांडणाऱ्या चौघांत, सध्या हैदराबादच्या आयआयटीत असलेले अंजन गिरी आहेत. या तिसऱ्या पद्धतीने आज एकटीच्या बळावर सर्वांत नेमकं उत्तर मिळतं.

पण कुठलीही एक मोजणी घेतली तरी अज्ञात राशी अनेक असतात: गॅमा, तीव्र बलाचा फेज, दोन वाटांच्या ताकदीचं गुणोत्तर, आणि डी मेसॉनच्या स्वतःच्या तशाच दोन राशी. एका संख्येतून पाच अज्ञात सुटत नाहीत. रानात वाट चुकलेल्या माणसाला समोरचा गड किती कोसांवर आहे एवढंच कळलं, तर तो एका वर्तुळावर कुठेही असू शकतो; दुसऱ्या गडाचं अंतर कळलं की दोन जागा उरतात, तिसऱ्याचं कळलं की एक. गॅमाचंही तसंच आहे. एका विघटनाच्या मोजणीतून कागदावर वळणदार पट्टे उमटतात आणि त्यांत गॅमाची चार-चार, आठ-आठ संभाव्य उत्तरं दडलेली असतात. दुसऱ्या विघटनाचे पट्टे वेगळ्या वळणाचे. दोन्ही जिथे छेदतात तिथे तेजस्वी ठिपका होतो. तिसरं विघटन टाकलं की खोटी उत्तरं विरून जातात.

गॅमा कुठल्याच एका घटनेत नसतो, एका आलेखातही नसतो. तो फक्त सगळ्यांच्या एकमतात असतो. मला यातलं सर्वांत विस्मयकारक हेच वाटतं की हे एकमत होतं. तटस्थ बी मेसॉन, भारित बी मेसॉन, स्ट्रेंज क्वार्क पोटात घेऊन सेकंदाला सुमारे तीन लाख कोटी वेळा द्रव्य-प्रतिद्रव्यात हेलकावणारा बी-एस मेसॉन, या सगळ्यांची विघटनं वेगळी, मोजण्याच्या तऱ्हा वेगळ्या, चुका होण्याच्या जागा वेगळ्या; आणि तरी पट्टे एकाच जागी येऊन मिळतात.

एकत्र करण्याचं हे काम बेरीज करून सरासरी काढण्याइतकं सोपं नाही. प्रत्येक मोजणीत कच्चे दुवे असतात. केऑन आणि पायॉन यांची ओळख त्यातली पहिली अडचण: ज्या विघटनात केऑनऐवजी पायॉन निघतो ते बारा-तेरा पट अधिक वेळा घडतं, आणि ते पायॉन केऑन म्हणून मोजले गेले तर सगळंच बिघडेल. म्हणून एलएचसीबीमध्ये वायूच्या टाक्यांतून जाणाऱ्या कणाच्या निळसर चेरेन्कोव्ह प्रकाशाचं कडं मोजतात. कड्याच्या रुंदीवरून कणाचा वेग आणि त्यावरून त्याची जात कळते. धन आणि ऋण कण डिटेक्टरमध्ये सारख्याच प्रमाणात पकडले जातात का, हेही तपासावं लागतं, आणि म्हणून चुंबकाची दिशा मधूनमधून उलटी करतात. दोन मोजण्यांत एकच चूक सामायिक असेल तर ती दोनदा धरायची नाही, हाही हिशेब असतो. कण-भौतिकीत अशा विश्लेषणात खरं उत्तर बऱ्याचदा मुद्दाम झाकून ठेवतात. संगणक त्यात एक गुप्त आकडा मिसळतो, आणि पद्धत कायम झाल्यावरच तो काढला जातो, म्हणजे अपेक्षित उत्तराकडे नकळत कल जाऊ नये.

आणि इथे चीन येतो. डी मेसॉनच्या स्वतःच्या फेजची माहिती फर्ने-व्होल्तेरच्या धडकांतून नीट मिळत नाही. ती बीजिंगच्या बीईएस-३ या प्रयोगातून येते, आणि त्याआधी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या क्लिओ-सी प्रयोगातून आली होती. बीजिंगमध्ये इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अगदी नेमक्या ऊर्जेने आदळवतात. ती ऊर्जा अशी निवडलेली असते की तिच्यातून एक डी आणि एक प्रति-डी एवढीच जोडी बाहेर पडते, सोबतीला तिसरं काही नाही. हे दोघे जन्मतःच एकमेकांत गुंतलेले असतात: कोण डी आणि कोण प्रति-डी हे आधी ठरलेलंच नसतं. एकाचं विघटन पाहिलं की त्या क्षणी दुसरा कोणत्या मिश्र अवस्थेत आहे हे कळतं, आणि त्या मिश्र अवस्थेच्या विघटनात फेज उघडा पडतो. आइन्स्टाइनला ज्या पुंज-गुंतवणुकीने अस्वस्थ केलं होतं तिचा इथे मोजपट्टीसारखा उपयोग होतो. बीजिंगमध्ये मोजलेला कोन फ्रान्समधल्या कणाचा अर्थ लावतो. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या यंत्रांत, पण डी मेसॉन तोच.

मुंबईचाही या कामात वाटा आहे. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था जपानमधल्या त्सुकुबा इथल्या बेल प्रयोगात होती आणि आता बेल-२ मध्ये आहे. बेल-२ मध्ये धडकेच्या जागेभोवती सिलिकॉनच्या पट्ट्यांचे थर आहेत. बी मेसॉन नेमका कुठे फुटला हे त्यांवरून कळतं. त्यातला चौथा थर टाटा संस्थेच्या गटाने उभारला. केसाच्या जाडीशी तुलना व्हावी इतक्या अचूकतेने त्या पट्ट्या जोडाव्या लागतात. बेल-२ सुद्धा गॅमा मोजतो, आणि त्याची विघटनं एलएचसीबीच्या तुलनेत स्वच्छ असतात, कारण इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या धडकेत कचरा कमी.

बाबार आणि बेल यांनी आपापला गॅमा सांगितला तेव्हा प्रत्येकाची अनिश्चितता १५ अंशांच्या आसपास होती. एलएचसीबीने २०१८ मध्ये सर्व मोजण्या एकत्र करून ७४ अंश सांगितले, पाच-सहा अंशांच्या अनिश्चिततेसह. दुसऱ्या बाजूने, त्रिकोणाच्या बाकीच्या बाजू आणि कोन मोजून गॅमा किती असायला हवा हे काढलं की उत्तर येत होतं ६५ च्या जवळपास. ती तफावत खरी असती तर तो नव्या भौतिकीचा सुगावा ठरला असता. आणखी विदा आली, मोजण्या सुधारल्या, आणि २०२१ मध्ये नवं एकत्रीकरण झालं: ६५.४ अंश, अनिश्चितता सुमारे ४.

त्या २०२१ च्या एकत्रीकरणात एक देखणं पाऊल होतं. डी मेसॉन उडता उडता स्वतःच प्रति-डी होऊ शकतो, फार हळू, पण होतो. तोपर्यंत गॅमाच्या हिशेबात ही एक बारीक दुरुस्ती म्हणून धरली जायची. एलएचसीबीने ठरवलं की बी मेसॉनच्या आणि चार्मच्या, म्हणजे डी मेसॉनच्या, मोजण्या वेगळ्या ठेवायच्याच नाहीत, एकाच समीकरणसंचात घालायच्या. एकूण १५१ निरीक्षणं आणि ५२ अज्ञात राशी, सगळ्या एकदम सोडवायच्या. निष्पत्ती अशी की फायदा दोन्हीकडून झाला. बी मेसॉनांमधल्या मोठ्या तफावतीमुळे डी मेसॉनच्या केऑन-पायॉन विघटनाचा फेज घट्ट पकडला गेला, आणि तोच फेज चार्मच्या हिशेबात अडसर होता. तो अडसर सरकताच डी मेसॉनच्या हेलकाव्यांतली एक महत्त्वाची राशी दुप्पट अचूक झाली. बी मेसॉनचं विघटन पाहून चार्म क्वार्कबद्दल अधिक कळावं, ही निसर्गाच्या एकसंधपणाची केवढी मोठी साक्ष!

पुढे २०२४ मध्ये गॅमा ६४.६ अंशांवर आला, अनिश्चितता २.८ अंश. थेट मोजलेला हा कोन आणि त्रिकोणाच्या इतर बाजूंवरून काढलेला कोन आज एकमेकांशी जुळतात.

हे जुळणं इतकं महत्त्वाचं का, यालाही एक बारीक कारण आहे. ज्या विघटनांतून गॅमा थेट मिळतो त्यांत क्वार्कांची साधी रूपांतरं होतात. एखादा अज्ञात जड कण असलाच तर तो इथे ढवळाढवळ करण्याची शक्यता फार कमी. त्रिकोणाच्या काही इतर मोजण्यांत मात्र आभासी कणांची वळसे घेणारी वर्तुळं असतात, आणि तिथे अज्ञात कण सहज घुसू शकतो. म्हणजे एक गॅमा कसोटीचा, दुसरा संशयिताचा. शिवाय थेट गॅमाच्या सैद्धांतिक हिशेबातली अनिश्चितता एक कोटीत एक भाग इतकी नगण्य आहे, असं जोआखिम ब्रॉड आणि युरे झुपान यांनी दाखवलं. प्रयोग कितीही सुधारले तरी सिद्धांत त्यांना आडवा येणार नाही. कण-भौतिकीत असं निर्मळ मैदान क्वचित मिळतं.

यात एक अस्वस्थ करणारी गोष्टही आहे. कोबायाशी-मास्कावा यांचा हा एकमेव कोन प्रयोगशाळेत सगळीकडे बरोबर उतरतो, पण विश्वातली द्रव्याची शिल्लक समजावायला तो पुरत नाही. स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ सेसिलिया यार्ल्स्कोग यांनी १९८५ मध्ये क्वार्कांतल्या दुजाभावाचं माप एका संख्येत मांडलं. तिचं मूल्य एक लाखात फक्त तीन. क्वार्कांच्या वस्तुमानांचा हिशेबही त्यात धरला की विश्वाच्या आरंभी या मार्गाने निर्माण होणारी शिल्लक प्रत्यक्षापेक्षा सुमारे हजार कोटी पटींनी कमी भरते. म्हणजे दुजाभावाचा आणखी एखादा उगम कुठेतरी आहे. तो न्यूट्रिनोंत असेल, अजून न सापडलेल्या जड कणांत असेल. क्वार्कांच्या त्रिकोणात त्याची सावली पडली असेल, तर ती थेट आणि अप्रत्यक्ष गॅमामधल्या एखाद्या अंशाच्या फरकातच दिसेल. म्हणून एवढी धडपड एका अंशासाठी चालली आहे.

नवे पुरावे येतही आहेत. चार्म क्वार्कात हा दुजाभाव २०१९ मध्ये प्रथम दिसला, दहा हजारांत पंधरा इतकाच. प्रोटॉनच्या घराण्यातल्या, तीन क्वार्कांच्या बॅरिऑन कणात तो २०२५ मध्ये प्रथम सापडला, लॅम्डा-बी या कणाच्या विघटनात, सुमारे अडीच टक्के. आपण स्वतः ज्या प्रकारच्या कणांचे बनलो आहोत, त्या प्रकारात दिसलेला हा पहिला फरक.

एलएचसीबीचा डिटेक्टर २०२२ पर्यंत जवळजवळ पूर्ण नव्याने बांधला गेला. आता त्याचे सर्वांत आतले सेन्सर प्रोटॉनांच्या झोतापासून फक्त ५ मिलिमीटरवर येतात. २०११ ते २०१८ या सगळ्या काळात मिळून जेवढ्या धडका नोंदवल्या होत्या, साधारण तेवढ्या एकट्या २०२४ मध्ये नोंदवल्या गेल्या. गॅमाची अनिश्चितता एका अंशापर्यंत आणण्याचं उद्दिष्ट आहे. धडकांची संख्या वाढेल तसा डी मेसॉनच्या फेजबद्दलचा संशय अधिक बोचू लागेल, आणि तो कमी करण्याचं काम पुन्हा बीजिंगकडे जाईल. तिथे त्या नेमक्या ऊर्जेवरची नवी नोंद पूर्ण झाली आहे, पूर्वीच्या सुमारे सातपट. गुंतलेल्या डी मेसॉनांच्या त्या जोड्या आता एकेक करून मोजल्या जात आहेत, आणि त्यांतून निघणारे आकडे गॅमाच्या पुढच्या एकत्रीकरणात थेट जाऊन बसतील.